शनिवारी रेडिओवर शाकुंतल, आधी काय काय करून ठेवायचं

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे धरमपेठेत सगळे जमून राहिले, रेडिओवर शाकुंतल आणि मग वृंदगान, म्हणून तयारी लिहून ठेवतो, घरीच ऐकणाऱ्यांच्याही कामी पडेल.

सगळ्यात आधी सेट. सीताबर्डीकडे कोणी जात असेल तर नवे सेल आणा, अ‍ॅडॉप्टर नको, मीडियम वेव्हवर चार्जर, एलईडी बल्ब, पंख्याचा रेग्युलेटर सगळ्यांची खरखर येते. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर दुपारीच लावून पाहा. वर ओढायच्या दांडीचा इथे काही उपयोग नाही, मीडियम वेव्हचा अँटेना आत फेराइटच्या कांडीवर असतो, म्हणून अख्खा सेटच हळूहळू फिरवायचा आणि आवाज साफ झाला की तसाच ठेवायचा, लोखंडी आलमारीपासून दूर. मोबाइलवर अ‍ॅप तयार असू द्या पण दोन्ही एकदम लावू नका, अ‍ॅप मागून बोलते.

आता कूलर. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हटलं की लोक रागावतात, पण दुपारभर पडदे लावून कूलरनं खोली गार केली तर निदान चौथ्या-पाचव्या अंकापुरतं तरी बंद ठेवता येते. आणि तिथे कूलर बंद ठेवायचाच, कारण कालिदासानं नेमक्या मोठ्या गोष्टी पडद्याआडून ऐकवल्या आहेत. दुर्वास रंगमंचावर येतच नाही, चौथ्या अंकाच्या सुरुवातीला त्याचा फक्त आवाज येतो, शाप देतो, आणि शकुंतलेला तो ऐकूसुद्धा जात नाही, मैत्रिणी ऐकतात. पुढे ती निघते तेव्हा आशीर्वाद आकाशातून. पाचव्या अंकात राणी हंसपदिका आतून गाते आणि राजाला उगाच हुरहुर लागते, कशाची ते त्याला आठवत नाही. रेडिओसाठीच लिहिल्यासारखं वाटते मला तर! तेव्हा गोष्ट माहीत नसेल तर सातही अंक कोणाकडून तरी आधी थोडक्यात ऐकून या, मधे मधे विचारणं नको.

खायचं काय, तर नाटक चालू असताना संत्रा बर्फी, ढोकळा, मऊ काहीही. चिवडा आणि सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) मधल्या वेळात, कुरुमकुरुम आवाजात एखादं वाक्य गेलं तर रेडिओवर परत मिळत नाही. चहा थर्मासमध्ये भरून ठेवा.

वृंदगानाला सेट भिंतीच्या कोपऱ्यात सरकवा, खर्जातले आवाज छोट्या स्पीकरवर हरवतात ते कोपऱ्यात जरा भरून येतात, सरकवल्यावर दिशा पुन्हा जुळवा, आणि ऑक्सची पिन असली तर मोठा स्पीकरच जोडा. आवाज फार वाढवू नका, फाटला की वीस गळ्यांचा नुसता गलका होते. संपल्या संपल्या उठायचं नाही, कलाकारांची नावं शेवटी सांगतात, ती पूर्ण ऐकायची. काकू, तुमच्याकडची मोठी सतरंजी तेवढी पाठवाल.