टर्बोचा सपोर्ट घरी बनवताय? या चुका टाळा

इंजिनचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डला तडा गेला की सगळे वेल्डिंगला दोष देतात. बहुतेक वेळा वेल्डिंग चांगलं असतं. त्याचं वजन पेलणाऱ्या सपोर्टने टर्बोच चुकीच्या ठिकाणी बांधलेला असतो.

पहिली चूक: सपोर्टचं एक टोक टर्बोला, दुसरं बॉडीला

इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं. रेस दिली की ते कलतं. बॉडी जागची हलत नाही. या ओढाताणीत पिळला जातो तो मॅनिफोल्ड. एका मित्राच्या गाडीत पाइप फ्लँजला (बोल्टने कसायच्या जाड प्लेटला) मिळतो तिथेच तडा गेला. त्याने तो ग्राइंडरने खरवडून भरून काढला, तर भरलेल्या जागेच्या शेजारी नवा तडा. वरून पट्टी मारली, तर तडा पट्टीच्या कडेने निघाला. शेवटी मी सपोर्टचा बॉडीकडचा बोल्ट सोडायला लावला. बोल्ट निघताच सपोर्टची पट्टी बाजूला उडाली, भोकं परत जुळेचनात. इतका ताण तो मॅनिफोल्ड थंड असतानाही सोसत होता.

सपोर्ट इंजिन ब्लॉकला घ्या, नाहीतर गिअरबॉक्सच्या हाउसिंगला. जे टर्बोबरोबर हलतं, त्यालाच टर्बो बांधायचा.

तिथेही दोन्ही टोकं आवळून टाकू नका. ३०४ स्टेनलेसचा ४० सेंटिमीटर पाइप ७०० अंशांनी तापला की जवळपास ५ मिलिमीटर वाढतो. त्याला सरकायला जागा हवीच. मी ब्लॉककडचं भोक पाइप वाढतो त्या दिशेने कानशीने लांबट करतो आणि बोल्ट कॉलरवर (पट्टीच्या जाडीपेक्षा किंचित लांब नळीवर) कसतो, म्हणजे पट्टी आवळली न जाता सरकते. दोन्ही टोकांना रॉड एंड (गोळ्यावर फिरणारे सांधे) लावलेत तर उत्तमच.

दुसरी चूक: फ्लँज मोकळा ठेवून वेल्डिंग

१० ते १२ मिलिमीटर जाडीचा फ्लँजसुद्धा वाकडा होतो. जुन्या सिलिंडर हेडवर किंवा जाड प्लेटवर तो बोल्टने कसा, आधी टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, मग समोरासमोरच्या बाजूंना थोडं थोडं वेल्ड करा. पूर्ण गार होईपर्यंत बोल्टला हात लावायचा नाही. घाईने पाणी ओतणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एवढ्या मेहनतीचं काम पाच मिनिटांसाठी वाया घालवतात.

बाकीचं थोडक्यात. नायलॉनचे लॉकनट इथे चालत नाहीत, वितळतात. पूर्ण धातूचे घ्या. गॅल्व्हनाइज्ड पट्टी वेल्ड करू नका, तिचा धूर विषारी असतो. गाडीवर टाके मारण्याआधी बॅटरी काढा. मॅनिफोल्डच्या आत उडालेले वेल्डिंगचे थेंब साफ केल्याशिवाय टर्बो चढवू नका, सुटलेला एक दाणा टर्बाइनची पाती खाऊन टाकतो.

आणि सपोर्ट पक्का करण्याआधी ऑइल रिटर्नचा पाइप लावून पाहा. टर्बोतून ऑइल फक्त उताराने खाली येतं, त्यामुळे रिटर्नचं तोंड खाली हवं आणि पाइप इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवा.