अ‍ॅलिगेशनची फुली आणि स्पिरिटचं रजिस्टर

यंदा सोलापुरात बी.फार्म.ला आलेली पोरं विचारतात, पहिल्या सेमिस्टरला फार्मास्युटिक्समधलं अवघड काय? अवघड म्हणाल तर आयसोटॉनिक, म्हणजे शरीरातल्या द्रवांशी जुळणाऱ्या द्रावणांचं गणित. पण पोरं आपटतात अ‍ॅलिगेशनमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या ताकदीची द्रावणं किती-किती मिसळायची हे फुली मारून काढण्यात, कारण ते सोपं वाटतं. मीही तिथंच आपटलो. मंगळवेढ्याहून आलेलो, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावीला गणित सोडून बायो घेतलेलं. पण त्याचा दोष बायोला देत नाही. एका सीनियरनं 'दोन सेकंदांची ट्रिक' म्हणून फुली मारायला शिकवली आणि मी डोकं बाजूला ठेवून ती मारत सुटलो.

प्रॅक्टिकल असं होतं: ९५ टक्के आणि ४० टक्के अल्कोहोल मिसळून ६० टक्क्यांचं ११० मिली करायचं. फुली तुम्हाला येतेच. डावीकडे वर ९५, खाली ४०, मध्ये ६०. तिरपी वजाबाकी केली की २० आणि ३५ येतात, म्हणजे ४:७. आता यातलं ४ कुणाचं? मी वजाबाकी केली आणि ९५ मधून आलेले ३५ ते ९५ चेच, असं धरलं. ७० मिली ९५ टक्क्यांचं आणि ४० मिली ४० टक्क्यांचं, असं वहीत लिहून काउंटरला गेलो.

स्पिरिट आमच्या लॅबमधल्या मामांच्या ताब्यात असायचं. प्रत्येक मिली रजिस्टरला चढायचा. मामांनी चष्मा वर केला. "काय बे, सत्तर? बाकीच्यांनी चाळीस नेलं की." मी म्हटलं, "मामा, गणितात तेवढंच आलंय." ते म्हणाले, "गणितात येऊ दे. तुझी बाटली साठाची होणार का पंचाहत्तरची?" परत येऊन ताडून पाहिलं. ७० चे ९५ टक्के ६६.५, ४० चे ४० टक्के १६, मिळून ८२.५. भागिले ११०, बरोब्बर ७५ टक्के. मामांनी ते तोंडी केलं होतं. आमच्या सरांनी वर्गात हा भाग वीस मिनिटांत उरकला होता, एवढंच सांगतो.

तर नीट ऐका, कारण इथंच सगळे फसतात. ९५ मधून ६० गेले, ३५ उरले, ते समोरच्या ४० चे भाग. ६० मधून ४० गेले, २० उरले, ते ९५ चे भाग. असं का? जो डबा हव्या असलेल्या आकड्यापासून लांब, तो कमी लागतो. आमच्या मेसच्या काकूंकडे शेंगाचटणीचे दोन डबे असायचे, एक जहाल आणि एक बाहेरगावच्या पोरांसाठी मऊ. कुणाला किंचित तिखट हवं असलं की त्या मऊ चटणीत जहालचा अर्धा चमचा कालवायच्या. ६० हे ४० ला जवळ, म्हणून ४० वालं जास्त. फुली मारायच्या आधी वहीच्या कोपऱ्यात 'जास्त कोण?' एवढं लिहा. उत्तर त्याच्याशी जुळलं नाही तर फुली उलटी वाचलीय. शेवटी ताळा करा: ४० मिलीचे ३८, ७० मिलीचे २८, मिळून ६६. ११० चे ६० टक्केही ६६. झालं.

मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर मात्र विसंबू नका. त्याला स्ट्रेंथ वजनावर आहे की आकारमानावर, हे कळत नाही. मलमात वजन, अल्कोहोलमध्ये आकारमान. आणि अल्कोहोलमध्ये पाणी घातलं की आकारमान घटतं, ५० आणि ५० मिली मिळून ९६-९७ मिलीच भरतं. म्हणून अल्कोहोल आधी मोजून घ्या आणि पाणी खुणेपर्यंत भरा. प्रूफ स्पिरिटला, म्हणजे अल्कोहोलची ताकद सांगायच्या जुन्या मापाला, घाबरू नका, ५७.१ टक्के म्हणजे १०० प्रूफ एवढं पाठ केलं की निम्मं काम होतं.

दुबईतल्या मावसभावानं मध्ये विचारलं, त्याच्या व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लिक्विड मिलीला १८ मिग्रॅ निकोटिनचं आहे आणि दुसरं ३ चं, ६ करायला अर्धं-अर्धं घेऊ का? अर्ध्या-अर्ध्यानं १०.५ झालं असतं. फुलीनं १८ चा एक भाग, ३ चे चार. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण सगळं बंद आहे, पण मिसळण्याचं गणित तेच. त्याला हातमोजे घालायला सांगितलं, निकोटिन कातडीतून अंगात शिरतं. व्हेप सोड हेही सांगितलं, तो हसला.

घाबरू नका, एवढं कळलं तर व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, निघतो. असं मलाही वाटलं होतं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "नव्वद आणि पन्नास टक्के आहे, चाळीस करून दाखव." मी फुली मारली, दहा आणि पन्नास आले, एकास पाच म्हणून मोकळा झालो. शेजारी उभी असलेली अक्कलकोटची मुलगी म्हणाली, "सर, यातून होणार नाही. पाणी लागेल."