‘नाही म्हणालीस तर काय होईल?’ : घरात धर्मांतराचा प्रश्न आला तर काय करावं

घरातली मुलगी, भाऊ किंवा सून धर्म बदलतेय असं कळलं की माणसं पहिल्या तासाभरात जे करतात, तेच पुढे वर्षभर निस्तरावं लागतं. मोबाइल काढून घेतात, खोलीला बाहेरून कडी लावतात, गावाहून मामाला बोलावून घेतात. मी नाशिकमध्ये २३ वर्षं कौटुंबिक समुपदेशनाचं काम केलं. आता निवृत्त आहे, तरी अधूनमधून एखादं कुटुंब गंगापूर रोडच्या आमच्या घरी येऊन बसतं. दरवेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

कुठल्या धर्मातून कुठल्या धर्मात, हे मी प्रकरणांबद्दल बोलताना लिहिणार नाही. सगळ्या दिशांची पाहिली आहेत. दिशा कळली की वाचणारा लगेच आपली बाजू ठरवतो आणि समोरच्या माणसाकडे बघायचं राहूनच जातं.

आधी त्या माणसाला एकटं गाठा

नवरा, सासू, धर्मगुरू, ‘मदत करणारे दादा’, तुमच्याकडचे मामा, यांतलं कुणीही सोबत नको. घरात जमत नसेल तर बाहेर भेटा. मी कितीतरी बायकांशी सीबीएसच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाकड्यावर बसून बोलले आहे. तिथे गाड्यांचा पुकारा चालू असतो, कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं, आणि कुणी दिसलंच तर ‘बसची वाट बघत होते’ म्हणता येतं.

कुठला देव खरा, पोथीत काय लिहिलंय, त्या लोकांचा इतिहास काय, यातलं काहीही काढू नका. एकच प्रश्न विचारा: ‘नाही म्हणालीस तर काय होईल?’ आणि मग खरंच गप्प बसा. मधला शांततेचा वेळ भरून काढायचा मोह होतो, तो आवरा.

‘काही होणार नाही, मलाच जायचंय’ असं उत्तर शांतपणे आलं, तर तुमच्यापुढे एक निर्णय घेतलेला माणूस बसला आहे. ‘लेकराला भेटू देणार नाहीत’, ‘दवाखान्याला दिलेले पैसे एकदम परत मागतील’, ‘माझे फोटो सगळ्यांना पाठवतील’, ‘मग राहू कुठे?’ यांतलं काही आलं, तर ती सक्ती आहे, मग वरून कितीही गोड दिसो. लगेच दुसरं विचारा: ‘उद्या मन बदललं तर परत फिरता येईल?’ ज्या दारातून फक्त आत जाता येतं ते दार मला कधीच बरं वाटलेलं नाही.

सक्ती दरवेळी हात पिरगाळून होत नाही. तिची मला सर्वात जास्त दिसलेली खूण म्हणजे घाई. ‘शुक्रवारच्या आत’, ‘लग्नाच्या आधी’, ‘साहेब उद्याच आहेत’. वाचता न येणाऱ्या लिपीतल्या कागदावर सही घेतलेली असते. आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक दुसऱ्याच्या कपाटात असतं. माहेरचा फोन आला की तो स्पीकरवर टाकून बोलावं लागतं.

आणि हेच प्रश्न स्वतःच्या घरालाही विचारा. स्वखुशीने गेलेल्या माणसाला मारून, कोंडून, मुलं हिसकावून परत आणणं हीदेखील धर्माची सक्तीच आहे.

हे मी कुठून शिकले

माझ्या वयाच्या सव्विसाव्या वर्षी आमच्या चुलतभावाने सांगितलं की त्याला वेगळ्या मार्गाने जायचं आहे. तो दोन वर्षं विचार करत होता, नोकरी होती, कुणाच्या पैशाला मिंधा नव्हता. आम्ही त्याला पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर अकरा दिवस ठेवलं. जेवणाचं ताट मी वर नेऊन देत असे. कडी लावायची जबाबदारीही माझ्याकडेच होती. बाराव्या दिवशी तो ‘चुकलो’ म्हणाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि महिन्याभरात तो जो गेला तो काकांच्या शेवटच्या आजारपणातही आला नाही. त्याने आमच्यावर राग धरला असंही नाही. त्याला आमची भीती वाटत होती. हे त्याने मला पंधरा वर्षांनी सांगितलं.

दुसरी माझी मावसबहीण. लग्न तिच्या पसंतीचं. आठ दिवस आधी तिला सांगण्यात आलं, ‘फक्त सहीपुरतं आहे गं, नंतर कोण विचारतंय.’ सही झाली, नाव बदललं, मग एकेक गोष्ट निघत गेली: कपाळ, कपडे, ताट, माहेर. तिने मला फोन केला होता. मी म्हणाले, ‘सुरुवातीला असं होतंच, सांभाळून घे.’ तेव्हा मी हे काम करू लागले होते, तरीही हेच म्हणाले. तिला तिथून निघायला सहा वर्षं लागली.

ती आली तेव्हा तिला कुठल्याच नावाने हाक मारता येईना. जुन्या नावाने बोलावलं की आधी दाराकडे बघायची, कुणी ऐकलं का म्हणून. नव्या नावाने दचकायची. सणाच्या आदल्या दिवशी अंगात कणकण यायची. एकदा म्हणाली, ‘ताई, पहिल्या देवाला मी सोडून गेले आणि दुसऱ्याकडे मला ढकललं. आता हात जोडायला गेले की हातच जड होतात.’ सक्तीने माणसाचा फक्त धर्म जातो असं आम्हाला वाटत होतं. तिची श्रद्धा ठेवायची जागाच गेली होती. ज्या धर्मात तिला ढकललं त्यातही जीव लावणारी, प्रामाणिक माणसं होती. पण त्यांच्याशी तिचं नातं जुळायची शक्यताही त्या सहीने संपवली होती.

कायद्याचं तेवढंच, जेवढं हाताशी हवं

घटनेचं २५वं कलम प्रत्येकाला विवेकाचं स्वातंत्र्य देतं: धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धक्का न लावता. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार करणं म्हणजे आपल्या धर्माची शिकवण दुसऱ्यापुढे मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. आणि २०१८ साली हादिया प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की सज्ञान व्यक्तीने कुठला धर्म मानावा आणि कुणाशी लग्न करावं हे तिचं तीच ठरवेल. हे दोन्ही निकाल मी एकाच दमात सांगते, कारण घरोघरी त्यातला आपल्या सोयीचा एकच लक्षात ठेवला जातो.

लग्नासाठी धर्म बदलावाच लागतो, हे तर साफ खोटं आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठीच आहे. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, पुढे ३० दिवसांची मुदत आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. दोघं आपापल्या धर्मात राहून नवरा-बायको होतात. माझ्या मावसबहिणीला हे आठ दिवस आधी कुणी सांगितलं असतं तर, हा विचार अजूनही रात्री येतो. आणि पहिली बायको असताना दुसरं लग्न करण्यासाठी धर्म बदलणाऱ्यालाही पळवाट नाही. १९९५ च्या सरला मुद्गल निकालाने ती बंद केली.

निर्णय त्याचा स्वतःचा असेल तर

तर वाट अडवू नका, पण वेळ घ्यायला सांगा. आपल्या जिल्ह्याला हे नव्याने शिकवायला नको. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि नागपूरला दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षं आणि एक दिवस. वेगवेगळ्या धर्मांची माणसं त्यांना भेटत होती, ते वाचत होते, तपासत होते. कुणाच्या घाईला त्यांनी जागा दिली नाही.

दुसरी आठवते ती नाशिकजवळच्या जलालपूरची माहेरवाशीण, लक्ष्मीबाई टिळक. १८९५ साली नवऱ्याने, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि बाईंवर आभाळ कोसळलं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही आपलं सोवळं त्यांनी काही काळ पाळलं. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर. घराचं पार विस्कटलं होतं, माणसं रडली होती, तरी तो निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. माझ्याकडे येणाऱ्या नवऱ्यांना मी ही गोष्ट हमखास सांगते: तुझं मन बदललं म्हणून बायकोचं आपोआप बदलत नाही, तिची चूल वेगळी राहू दे.

कागदपत्रांचं बघायचं ते असं. प्रतिज्ञापत्र स्वतः वाचून, मराठीत करून घ्या. नाव किंवा धर्म बदलल्याची नोंद शासन राजपत्रात करता येते, अर्ज ऑनलाइन होतो. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर आधी वकिलाला विचारा: १९५० च्या आदेशानुसार तो दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. वारसाहक्काचंही विचारून घ्या, विशेषतः पुढे मुलं होणार असतील तर. हे सगळं ऐकून माणूस थांबला तर थांबेल, नाहीतर डोळे उघडे ठेवून जाईल.

सक्ती असेल तर

आधी जीव, मग कागद, मग तक्रार. हा क्रम मोडू नका. तिला सुरक्षित जागी हलवल्याशिवाय समोरच्यांना जाब विचारायला जाऊ नका. रागाच्या भरात गेलेल्या एका वडिलांमुळे मुलीचा पत्ता आम्हाला पुन्हा चार महिने लागला नव्हता.

निघताना आधार, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, शाळेचा दाखला आणि रोजची औषधं घ्यायची. मूळ कागद मिळत नसतील तर फोटो काढून विश्वासातल्या माणसाला पाठवायचे आणि फोनमधून पुसून टाकायचे. धमकीचे मेसेज मात्र पुसायचे नाहीत. तारीख-वार लिहून ठेवलेली साधी वहीसुद्धा पुढे कामाला येते.

तातडीला ११२. बाईसाठी १८१, अठरा वर्षांखालील मुलासाठी १०९८. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तरीही घेतली नाही, तर शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तक्रारीत ‘धर्मांतर केलं’ एवढंच लिहून थांबू नका. काय घडलं ते लिहा: धमकी दिली, कोंडून ठेवलं, मारलं, सही घेतली, कोण कोण हजर होतं. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी ३५१, कोंडून ठेवण्यासाठी १२७ ही कलमं आहेत. घरातलाच छळ असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे.

वकिलाच्या फीमुळे अडू नका. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१००.

गावाने वाळीत टाकलं असेल, मग धर्म बदलला म्हणून असो की बदलत नाही म्हणून, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घाटाकडच्या एका पाड्यावर एका कुटुंबाला विहिरीवर येऊ देत नव्हते. सरपंचाला हा कायदा नुसता वाचून दाखवला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा हंडा भरला.

एक हात जोडून सांगते: जमाव बोलावू नका. व्हॉट्सॲपवर मुलीचा फोटो फिरवू नका. येणारी गर्दी तुमच्या मुलीसाठी आलेली नसते. ती निघून जाते, आणि मुलीचं नाव मात्र लोकांच्या तोंडी राहतं.

परत आल्यानंतर

परत आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी देवळात नेऊ नका. शुद्धी, उपास, नवस, पेढे, काहीही नको. तिने ‘हवं’ म्हटलं तरच. एका सक्तीवर दुसऱ्या सक्तीचा लेप लावल्यासारखं होतं ते. कुठल्या नावाने हाक मारू, एवढं विचारा. झोप लागत नसेल, अंग थरथरत असेल तर डॉक्टरकडे न्या. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

माझ्या मावसबहिणीने इथे आल्यावर जवळजवळ दोन वर्षं खोलीत एकही तसबीर लावली नाही. मावशी मला खुणेने विचारायची, मी मानेनेच नाही म्हणायचे. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला, आईचं पितळेचं निरांजन कुणाकडे आहे म्हणून. माझ्याकडे होतं. चिंचेने घासून नेऊन दिलं. कशाला हवंय ते विचारलं नाही.