रेझिस्टर सर्किट सोडवताना या चुका टाळा

ओहमचा नियम (करंट = व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स) सगळ्या मुलांना पाठ असतो. पण नियमातलं व्होल्टेज नेमकं कोणाचं, हे विचारायचं राहतं आणि गणित तिथेच फसतं.

हे सर्किट बघा: १२ व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये (एकामागोमाग) २ ओहमचा रेझिस्टर, पुढे ६ आणि ३ ओहमचे एकमेकांना पॅरलल (दोघांची टोकं एकमेकांना जोडलेली). ‘६ ओहममधला करंट काढ’ म्हटलं की निम्मी मुलं १२ भागिले ६ करून २ अँपिअर लिहितात. अरे, पण १२ व्होल्ट अख्ख्या सर्किटवर आहेत, त्या ६ ओहमच्या दोन टोकांवर नाहीत! आधी जोडी सोडवा: ६ गुणिले ३ भागिले ९, म्हणजे २ ओहम. एकूण ४ ओहम, करंट ३ अँपिअर. पहिल्या रेझिस्टरवर ६ व्होल्ट पडतात, उरलेले ६ जोडीवर. म्हणून ६ ओहममधून १ आणि ३ ओहममधून २ अँपिअर.

जोडी सोडवतानाही घसरतं. १/६ + १/३ = १/२ इथवर येऊन ‘अर्धा ओहम’ लिहून मोकळे होतात, उलटवायचं विसरतात. ‘उत्तर सर्वांत लहान रेझिस्टरपेक्षा कमी हवं’ ही नेहमीची पडताळणी इथे कामाची नाही, कारण अर्धाही ३ पेक्षा कमीच. दोनच रेझिस्टर असतील तर उत्तर लहान्याच्या निम्म्याखाली जात नाही. इथे ते १.५ ते ३ मध्येच हवं.

आकृतीत शेजारी दिसले म्हणून पॅरलल समजू नका. रंगीत पेन्सिली घ्या. बॅटरीच्या प्लसपासून वायर लाल करत जा, रेझिस्टर ओलांडला की रंग बदला. ज्या दोघांच्या टोकांना तेच दोन रंग, ते पॅरलल. दोघांमधल्या रंगाला तिसरं काहीच जोडलेलं नसेल तर सिरीज. वेडीवाकडी आकृती अशी चटकन उलगडते.

किरचॉफचे नियम (जोडावर येणारा करंट तेवढाच बाहेर जातो; बंद फेरीत व्होल्टेजची बेरीज शून्य) लावताना करंटचा बाण अंदाजाने काढा, पण मग शेवटपर्यंत हलवू नका. उणे उत्तर आलं तर दिशा उलटी, एवढंच; आकडा बरोबर असतो.

हेच सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पाटी) लावायचं असेल तर ओहमऐवजी किलोओहम घ्या. २ ओहमच्या रेझिस्टरमध्ये १८ वॅट जिरतात, पाव वॅटच सोसणारा रेझिस्टर जळून जाईल. किलोओहममध्ये व्होल्टेज तीच राहतात, करंट मिलिअँपिअरमध्ये येतो. मल्टिमीटरने ओहम मोजताना बॅटरी काढा आणि रेझिस्टरचा एक पाय मोकळा करा. नाहीतर ६ किलोओहमच्या जागी २ दिसतील आणि चांगला रेझिस्टर खराब समजून फेकला जाईल.

वही मिटण्याआधी पॉवर जुळवा. बॅटरी देते १२ गुणिले ३, म्हणजे ३६ वॅट. रेझिस्टरांत जिरतात १८, ६ आणि १२. बेरीज ३६.