खिडकीचं हँडल बदलायचंय? आधी ते का तुटलं ते बघा

आईच्या खोलीतल्या खिडकीचं हँडल एकाच पावसाळ्यात दोनदा गेलं. जूनमध्ये पहिल्यांदा निकामी झालं तेव्हा दुकानातून तसंच दिसणारं दुसरं आणलं, दहा मिनिटांत बसवलं आणि विषय संपला असं समजलो. गणपतीच्या आधी तेही नुसतंच गरगर फिरायला लागलं. या वेळी काढल्यावर मी ते उजेडात धरून नीट बघितलं. हँडलच्या मागे जी चौकोनी दांडी असते, तिचं टोक चारही कडा झिजून जवळजवळ गोल झालं होतं. फक्त टोकाचे तीन-चार मिलिमीटर. बाकीची दांडी कोरी करकरीत.

त्या टोकाने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे मी आणलेली दांडी आखूड होती, ती आत जेमतेम टोकावर अडकत होती. दुसरी म्हणजे हँडल फिरवायला नको इतका जोर लागत होता. आईची बोटं संधिवाताने आखडलेली, ती दोन्ही हातांनी हँडल दाबून खिडकी लावायची आणि कुणाला काही बोलायची नाही. तेव्हापासून कुणी हँडल बदलायचं म्हटलं की मी आधी विचारतो, ते तुटलं का?

इथे मी मुख्यतः बाहेर उघडणाऱ्या, बिजागरीवरच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीबद्दल लिहितोय. नव्या इमारतींत या खिडक्या बऱ्याच दिसतात आणि त्यांचं हँडल घरच्या घरी बदलता येतं. त्याला लागतं काय, तर एक चांगला स्टार स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी, पकड, कानस आणि जरा धीर.

आधी तपासणी

खिडकी उघडा आणि झडप उघडीच ठेवून हँडल दोन-चार वेळा फिरवा. झडपेच्या कडेला जी धातूची पट्टी असते, तिच्यावरचे खुंटे वर-खाली सरकताना दिसले पाहिजेत.

झडप उघडी असताना हँडल लोण्यासारखं फिरतं, पण खिडकी लावताना अडतं? मग हँडल आणि आतली यंत्रणा दोन्ही ठीक आहेत. झडप खाली झुकली आहे. याची खात्री करायची सोपी रीत आहे. खिडकी लावताना हँडलच्या बाजूने झडप एका हाताने किंचित वर उचला आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवा. आता सहज फिरलं तर दोष बिजागरीकडे आहे. बिजागरीचे स्क्रू सैल झाले असतील तर ते आवळून काम भागतं. तेवढ्याने झडप वर आली नाही, तर काचेच्या कडेचे पॅकिंगचे तुकडे पुन्हा लावून झडप उचलावी लागते. ते फॅब्रिकेटरकडून, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्या कारागिराकडून करून घ्या, कारण त्यात काच सोडवावी लागते.

उघड्या खिडकीतही हँडल जड जातं? मग आतली पट्टी आणि हँडल फिरवल्यावर ती सरकवणारा गिअर कोरडे पडलेत किंवा धूळ साचून आखडलेत. आधी साफसफाई आणि तेल, मग हँडल.

हँडल गरगर फिरतंय पण खुंटे हलत नाहीत? तर एक तर दांडी झिजली आहे किंवा आतला गिअर तुटला आहे. यातलं नेमकं काय, ते हँडल काढल्यावरच कळेल.

माप घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नका

मी फोटो दाखवून हँडल आणलं होतं, तीच चूक. हँडल दिसायला सारखं असून चालत नाही. जुनं काढून बरोबर न्या. ते शक्य नसेल तर पुढची मापं कागदावर लिहून न्या.

पहिलं माप दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर. यूपीव्हीसी खिडकीच्या हँडलमध्ये ते बहुतेक वेळा 43 मिलिमीटर असतं. दुसरं माप चौकोनी दांडीची जाडी, ती साधारणपणे 7 मिलिमीटर. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं माप दांडीची लांबी. हँडलची बैठक, म्हणजे झडपेला टेकणारा भाग, जिथे संपते तिथपासून टोकापर्यंत मोजा. ही लांबी खिडकीगणिक बदलते, कारण प्रत्येक झडपेची जाडी वेगळी. दांडी 2-3 मिलिमीटर जरी आखूड पडली तरी माझ्यासारखी गत होते. लांब मिळाली तर बिनधास्त घ्या. हॅक्सॉने कापून कानस मारली की झालं.

अ‍ॅल्युमिनियमच्या काही खिडक्यांमध्ये चौकोनी दांडीऐवजी दोन दात्यांचा काटा असतो. तो आणि दांडी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शिवाय वाकडी मान असलेलं हँडल डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं येतं, तेव्हा खिडकी आतून बघताना हँडल कुठल्या बाजूला आहे तेही लिहून ठेवा.

समुद्राजवळ राहत असाल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागा. हँडलबरोबर येणारे मुलामा दिलेले स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात आणि पुढच्या वेळी निघता निघत नाहीत.

जुनं काढताना

सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी हे काम काढू नका. बहुतेक हँडलचे स्क्रू हँडल आडवं, म्हणजे उघडलेल्या स्थितीत असतानाच दिसतात. याचा अर्थ काम चालू असताना झडप मोकळी असणार. बाहेर उघडणारी झडप वाऱ्याने हिसका मारून उघडली तर तुम्ही तिच्यामागे बाहेर झेपावाल. वरच्या मजल्यावर हे जिवावरचं आहे. आतून ग्रिल असेल तर झडप सुतळीने ग्रिलला बांधा. नसेल तर घरातल्या कुणाला तरी ती धरून उभं राहायला सांगा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. कितीही झालं तरी बाहेर वाकायचं नाही.

हँडल आडवं करा. किल्लीचं असेल तर आधी किल्ली फिरवा. आता बैठकीवरचं झाकण बघा. काही हँडलांत ते जरा पुढे ओढून फिरवलं की खालचे स्क्रू दिसतात, काहींत स्क्रूवर प्लास्टिकच्या छोट्या टोप्या असतात. त्या नखाने किंवा पातळ चाकूने अलगद निघतात.

स्क्रू गंजलेला असेल तर घाईने फिरवून त्याचं डोकं गुळगुळीत करू नका. एकदा ते झालं की पुढे ड्रिलचंच काम. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा, स्क्रूड्रायव्हर खाचेत पक्का बसवून त्याच्या मुठीवर हातोडीने दोन हलके ठोके द्या आणि मग अंगाचा भार देऊन सावकाश फिरवा.

दोन्ही स्क्रू निघाले की हँडल सरळ आपल्याकडे ओढा. दांडीचा तुकडा आत अडकून राहिला तर लांब तोंडाची पकड घालून काढा.

आता नवं हँडल लगेच लावू नका. जुनी दांडी चांगली असेल तर ती, नाहीतर नवं हँडल स्क्रू न लावता नुसतं भोकात घाला आणि फिरवून बघा. खुंटे सरकले तर गिअर शाबूत आहे. दांडी पक्की बसूनही खुंटे जागचे हलत नसतील किंवा आत कटकट वाजत असेल, तर हँडल बदलून काही उपयोग नाही. आतली पट्टी गिअरसकट बदलावी लागेल.

यंत्रणा बरी असेल तर जुन्या टूथब्रशने पट्टीवरची धूळ काढा आणि सरकणाऱ्या भागांवर शिलाई मशीनच्या तेलाचे मोजके थेंब सोडा. खोबरेल तेल नको. ते थंडीत गोठतं आणि धूळ धरून चिकट होतं. तेल रबराच्या पट्टीवरही सांडू देऊ नका, रबर फुगतं. रबरासाठी सिलिकॉनचा फवारा वेगळा मिळतो.

नवं बसवताना

यंत्रणा उघड्या स्थितीत आहे ना? मग नवं हँडलही आडवं धरूनच दांडी भोकात घाला. इथे चूक झाली तर हँडल सरळ असताना खिडकी उघडी आणि आडवं असताना बंद असा उलटा कारभार होतो. बैठक झडपेला सपाट टेकली पाहिजे. मध्ये फट राहत असेल तर दांडी लांब आहे. स्क्रू आवळून फट मिटवायचा प्रयत्न करू नका, आतल्या गिअरवर दाब येईल. दांडी थोडी कापा, कडा कानसने मारा, पुन्हा घालून बघा.

स्क्रू हातानेच लावा. दोन्ही आधी अर्धे, मग आलटून पालटून. ड्रिल मशीन वापरलं तर एका क्षणात आटे जातात. घट्ट म्हणजे किती घट्ट? हँडल हलणार नाही इतपत. जास्त आवळलं की हँडल जड फिरतं, तेव्हा अर्धा वळसा सैल करा.

झाकण बंद करायच्या आधी झडप उघडी ठेवून हँडल आठ-दहा वेळा फिरवा. मग झडप लावून फिरवा. दोन्हींत फरक जाणवला तर पुन्हा बिजागरीकडे वळा.

हँडल तुटलं आणि खिडकी बंदच राहिली तर

घाबरून झडपेला हिसके देऊ नका. मूठ तुटली असली आणि चौकोनी दांडीचं टोक बाहेर दिसत असलं तर ते पकडीने धरून यंत्रणा उघडायच्या दिशेने फिरवा. दांडीच आत मोडली असेल तर तुकडा काढून दुसरी 7 मिलिमीटरची दांडी घाला आणि तिला पकडीने फिरवा. यासाठीच आमच्याकडे एक सुटी दांडी स्वयंपाकघरातल्या खणात पडलेली असते.

सरकत्या खिडकीच्या कुलपाचं काम याहून सोपं आहे. दोन स्क्रू, त्यांच्यातलं अंतर मोजायचं आणि तेवढंच नवं आणायचं. लाकडी खिडकीच्या मुठीचे किंवा कडीचे स्क्रू भोक मोठं झाल्यामुळे धरत नसतील, तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या बांबूच्या काड्या भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि मग तिथेच स्क्रू लावा. जुन्या लोखंडी खिडक्यांचं पितळी हँडल मात्र बऱ्याचदा रिबिटाने बसवलेलं असतं, मग ते ड्रिलने उडवावं लागतं. त्यासाठी मी फॅब्रिकेटरला बोलावतो.

आईच्या खिडकीच्या खालच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल होते. ते आवळले, यंत्रणेला तेल दिलं आणि पुरेशा लांबीची दांडी असलेलं हँडल लावलं. आता आई ती खिडकी एका हाताने लावते.