लाठी फिरते, पण लढते का? युद्धकला पारखताना या चुका टाळा

शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी-काठी फिरवणारी पोरं पाहिली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. मी सहा वर्षं मर्दानी खेळ शिकलो. लाठीचे हात पाठ होते, पवित्रे पक्के होते आणि लोक टाळ्या वाजवायचे. मग एक नवा मुलगा आला. काठीचा एकही हात न शिकलेला, पण अंगाने दणकट. आपल्याला खरंच लढता येतं का हे पाहायचं म्हणून आम्ही हेल्मेटं घातली आणि काठ्यांना एसीच्या पाईपवर असतो तो काळा फोम गुंडाळला. मी पवित्रा घेऊन काठी फिरवायला लागलो. तो सरळ आत घुसला आणि त्याने माझ्या पुढच्या हाताच्या बोटांवर फटका मारला. काठी सुटली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःची काठी टाकली आणि माझ्या कमरेला मिठी घातली.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. एखादी जुनी विद्या माणसाला खरंच लढायला शिकवते का, हे ओळखायचं कसं? ओळखताना आपण कुठे फसतो, ते सांगतो.

पहिली चूक: प्रात्यक्षिकाला लढाई समजणं

दांडपट्ट्याने तळहातावरचं लिंबू कापणं ही मोठी कमाई आहे. पातं कुठे थांबवायचं याचा असा ताबा यायला वर्षं जातात. पण लिंबू हलत नाही, उलटा वार करत नाही. जोडीची प्रात्यक्षिकंही तशीच. एकाने ठरलेला वार करायचा, दुसऱ्याने ठरलेला अडवायचा. कराटेच्या वर्गात हल्ला करणारा एक ठोसा मारतो आणि हात तसाच पुढे धरून उभा राहतो. खरा हल्लेखोर हात मागे ओढतो आणि लगेच दुसरा ठोसा मारतो.

आपल्या तालमींना हा फरक चांगला कळत होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. तो कुस्तीला पूरक व्यायाम म्हणून. खांबावर चपळ असलेला पोरगा कुस्तीच्या हौद्यातही जिंकेल असं कुठलाही वस्ताद म्हणत नाही. मेहनत वेगळी आणि लढत वेगळी. जोर-बैठका झाल्या की शेवटी अंगाला माती लावून जोडीदाराशी भिडावंच लागतं आणि तो जोडीदार तुमचा पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत असतो. कुस्ती आजही जिवंत विद्या आहे ती यामुळेच. रोज संध्याकाळी कुणाची तरी पाठ मातीला लागते आणि कोण कितपत आहे ते सगळ्यांना दिसतं.

दुसरी चूक: इतिहासावरून शिष्याची पारख करणं

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जिवा महालांनी सय्यद बंडाचा वार रोखला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे आपण अभिमानाने म्हणतो आणि म्हणावंच. पण जिवा महालांचं कसब आज पट्टा हाती घेणाऱ्याच्या मनगटात आपोआप उतरत नाही. कराटेतल्या कमरेच्या काळ्या पट्ट्याचंही तसंच. तो कोणत्या परीक्षेनंतर मिळाला, त्या परीक्षेत समोर कुणी लढायला होतं का, एवढं विचारा.

तिसरी चूक: 'आमचे डाव जीवघेणे आहेत, म्हणून सराव-लढत नाही' हे मान्य करणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण ऐकायला हे पटतं. याचं उत्तर जपानमध्ये जिगोरो कानो यांनी कधीच देऊन ठेवलंय. १८८२ मध्ये तोक्योतल्या एका मंदिरात त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. स्वतः जुनं जुजुत्सू, म्हणजे जपानी झटापटीची विद्या, शिकलेले. धोकादायक डाव त्यांनी काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सरावात जपून ठेवले आणि फेकणं, दाबून धरणं, गळा आवळणं असे पूर्ण ताकदीने आजमावता येतील ते डाव रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीत आणले. ज्या डावाचा हजार वेळा खरा प्रयत्न करता येतो तो ऐन वेळी हाताशी येतो. डोळ्यात बोट घालण्याचा डाव वहीतच राहतो.

आपल्याकडेही हा विचार होताच. फरी-गदका म्हणजे चामड्याची छोटी ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी, एकमेकांना खरोखर मारता यावं म्हणून. बोथाटीच्या, म्हणजे सरावाच्या बोथट भाल्याच्या टोकाला रंगात बुडवलेला गोळा असायचा. अंगरख्यावर डाग पडला की वाद संपला. पूर्वजांनी ही सोय करून ठेवली, आणि पुष्कळ ठिकाणी आपण फक्त फिरवण्याचे हात तेवढे उचलले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौथी चूक: एक व्हिडिओ पाहून सगळीच विद्या खोटी ठरवणं

एप्रिल २०१७ मध्ये चीनमधल्या चेंगदूत शू शियाओदोंग या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) लढवय्याने ताई ची या पारंपरिक चिनी युद्धकलेच्या वेई लेईंना अर्ध्या मिनिटाच्या आत आडवं केलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. त्यावरून इतकंच कळतं की त्या माणसाला ठोसे खाण्याची सवय नव्हती. १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या मिश्र लढतींच्या पहिल्या स्पर्धेत धिप्पाड गड्यांना हरवणारा सडपातळ हॉइस ग्रेसी जी ब्राझिलियन जुजुत्सूची विद्या घेऊन उतरला होता, तिचं मूळ ब्राझीलमध्ये नेलं कोदोकानच्याच मित्सुयो माएदा यांनी. म्हणजे मूळ पारंपरिकच, फक्त लढतीतून गाळून आलेलं.

नियमही पाहा. खाशाबा जाधव तांबड्या मातीतले पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट आणि तिथले नियम त्यांना नवे होते. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. कौशल्य खरं होतं, पण नव्या जागेची सवय वेगळी करावी लागली. चितपट टाळायला पालथं पडणं कुस्तीत बरोबर आहे, पण गळा आवळायची मुभा असेल तिथे तेच अंगाशी येतं. आणि समोर चाकू असेल तर पैलवानानेही पळावं.

मग करायचं काय? वर्ग निवडताना जाहिरातीतला पहिला नव्हे, रोजचा शेवटचा अर्धा तास बसून पाहा. कुणी कुणाला खरोखर विरोध करतं का? वरच्या पट्ट्याचा विद्यार्थी कधी चुकतो, मार खातो, पुन्हा उभा राहतो का? शिकवणारे स्वतः उतरतात का? आणि आधीच शिकत असाल तर विद्या सोडू नका. आठवड्यातून एक दिवस फोम लावलेली काठी, हेल्मेट आणि क्रिकेटचे ग्लोव्हज घ्या. सुरुवातीला समोरच्याला फक्त एकच वार करू द्या, पण कधी आणि कुठून ते त्याने ठरवावं. महिन्याभराने दोन वार, मग मोकळं. आम्ही हे सुरू केलं तेव्हा पहिले दोन महिने माझी बोटं सुजलेली असायची. तिसऱ्या महिन्यात तो दणकट मुलगा आत घुसायच्या आधी थांबायला लागला.