जास्वंदीवरचा पांढरा कापूस

गॅलरीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापूस चिकटल्यासारखं दिसायला लागलं आणि कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड! कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून दोनदा फवारलं, ढिम्म फरक नाही. मग बाटलीकडे नीट पाहिलं, तर तेल वर तरंगत होतं. झाडाला मी नुसती अंघोळ घालत होते.

रिठे रात्रभर भिजवून कुस्करले. त्या फेसाळ पाण्यात आधी ५ मिली तेल घोटलं आणि दुधासारखं झाल्यावर १ लिटर पाणी घातलं. फार किडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले (कंपोस्टच्या डब्यात अजिबात नाही), उरलेला कापूस जुन्या टूथब्रशने काढला. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही, दर आठ दिवसांनी तीनदा.

तरी कीड परत! खरी मेख मुंग्यांत होती. ढेकणांचा गोड चिकटा त्या खातात आणि वर त्यांची राखणही करतात. शेवटी परातीत पाणी घालून मधे वीट, विटेवर कुंडी ठेवली. भिंतीला टेकलेली फांदी कापली. पाणी रोज बदलते, नाहीतर डास व्हायचे. काल चार फुलं आली. सासूबाईंनी लगेच गणपतीला वाहिली, मला फोटोसुद्धा काढू दिला नाही.